भिकाजीचा पाय आणि आप्पांचं गाऱ्हाणं

देवरूखहून एसटीने अर्ध्या तासावर, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, पायथ्याशी असलेल्या एका वाडीत भिकाजी रांबाडे राहतो. वय त्रेपन्न, अंगाने काटक, डोक्यावर केस थोडे आणि तोंडात शब्द भरपूर. त्याला गप्प बसवायचं तर तंबाखूचा बार भरून द्यावा, दुसरा इलाज गावाला अजून सापडलेला नाही. बाजारातून कांदे आणले तरी ते कुणाच्या टेम्पोतून आले, टेम्पोवाल्याची सासुरवाडी कुठली आणि त्याच्या सासूला दमा कधीपासून, हे सगळं सांगून झाल्याशिवाय कांदे पिशवीतून बाहेर पडत नाहीत. त्याची बायको चिमा म्हणते, ह्या माणसाचं ऐकत बसलं की भात करपतो. ती हे कौतुकानेच म्हणते, पण भात खरोखर करपलेला असतो.

ह्याच सवयीपायी भिकाजीच्या पायाची भरपाई जवळजवळ हातची गेली होती. ती कशी वाचली, ते सांगायचं आहे.

भिकाजी एकोणीस वर्षं आप्पांच्या चिरेखाणीवर होता. खाण सड्यावर, गावापासून चालत वीस मिनिटं. तांबडे चिरे कापायचे, रचायचे, ट्रकमध्ये भरायचे. शनिवारी पगार हातावर. सही नाही, अंगठा नाही, हजेरीबुकात नाव नाही. हे चुकीचं आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही, कारण आप्पा म्हणजे परके नव्हेत. गावचे मानकरी, शिमग्यात वाघजाईची पालखी घरोघर फिरते तेव्हा पुढे चालणारे, प्रत्येक दारात त्या घरासाठी देवीला गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घालणारे. भिकाजीच्या लग्नात अक्षता टाकायला ते सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. असल्या माणसाकडे कामाचा कागद मागायचा, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

चार वर्षांपूर्वीच्या पौषात, सकाळी दहाच्या सुमाराला, ट्रक भरत असताना चिऱ्यांची चळत घसरली. बाकीचे बाजूला उडाले. भिकाजीचा डावा पाय सापडला. रत्नागिरीला नेऊन डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण गुडघ्याखालून पाय काढावा लागला. ह्याबद्दल भिकाजी फारसं बोलत नाही, आणि जो माणूस कांद्यावर पाऊण तास बोलतो तो एवढ्यात थांबतो, त्यावरून काय ते समजावं.

बोलला तो वेगळ्याच ठिकाणी. आप्पांच्या गाडीतून दवाखान्यात जाताना आप्पांनी मागे वळून त्याचा हात धरला.  खाणीचं नाव निघालं तर पोलीस येतील, पंचनामा होईल, खाण बंद पडेल, वीस घरांच्या चुली थंड होतील. घरी लागलं म्हणून सांग, पुढचं सगळं मी बघतो, असं ते म्हणाले. भिकाजीने मान हलवली. अशा वेळी आपल्याकडे माणूस मानच हलवतो.

आता साधं 'घरी लागलं' म्हणून सोडलं असतं तर कागदावर तेवढंच राहिलं असतं. पण डॉक्टरांनी विचारलं आणि आपल्या भिकाजीने तशा वेदनेतही गोष्ट लावली. घराभोवती चिऱ्यांचा गडगा बांधत होतो. चार थर झाले होते. पाचव्याला हात घातला तर चिऱ्यांच्या फटीत घोणस, ही एवढी जाड. मागे सरकलो तर अख्खा गडगा पायावर. डॉक्टर तरुण होते आणि मनापासून काम करणारे होते. त्यांनी घोणशीसकट सगळं केसपेपरवर उतरवून घेतलं.

आप्पांनी शब्द पाळला, हे नाकारून चालणार नाही. दवाखान्याचं बिल त्यांनी भरलं, चार-पाच महिने घरी तांदूळ-डाळ पाठवली. मग त्यांच्याच छातीत दुखायला लागलं, कोल्हापूरला नेऊन ऑपरेशन झालं, आणि खाण मुलाच्या हातात गेली. मुलगा गुरुप्रसाद. हा मुंबईत शिकून आलेला, कागदाला कागद लावून चालणारा. त्याने वह्या चाळल्या आणि चिमाला बोलावून शांतपणे सांगितलं की भिकाजी रांबाडे नावाचा कामगार आमच्याकडे कधी नव्हताच. माणुसकी म्हणून वडिलांनी केलं ते केलं, आता पुरे. चिमा घरी आली आणि पहिल्यांदा तिने स्वतःच भात करपवला.

भिकाजीची इच्छा फार मोठी नव्हती. त्याला एक पिठाची गिरण टाकायची होती. बसून चालवता येते, दळण घेऊन आलेल्या बायका आपणहून समोर उभ्या राहतात, आणि दळण होईपर्यंत त्यांना ऐकण्यावाचून गत्यंतर नसतं. पण गिरणीला पैसा लागतो, चांगल्या कृत्रिम पायाला त्याहून जास्त, आणि घरात चिमाच्या भाजीच्या टोपलीशिवाय काही येत नव्हतं. ती बुधवार-शनिवार देवरूखला बाजारात बसायची, बाकीचे दिवस दुसऱ्यांच्या काजूच्या बागांत जायची. रात्री तिचे पाय चेपायला भिकाजी बसायचा आणि म्हणायचा, घरात तीन पाय आहेत, तिघांना तेल लावू. ती हसायची. हसता हसता एकदा रडली, तेव्हा मात्र त्याने ठरवलं की आता काहीतरी करायला हवं.

ते काहीतरी त्याला रांगेत सापडलं. अपंगत्वाचा दाखला काढायला तो रत्नागिरीला गेला होता. शेजारी करीम नावाचा एक खलाशी बसला होता, मच्छीमार बोटीच्या दोरखंडात उजव्या हाताची चार बोटं गेलेला. भिकाजीने त्याला घोणशीची गोष्ट ऐकवली. करीमने ती सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, खरं काय झालं? भिकाजीने खरं सांगितलं. मग करीमने त्याला समजावलं की कामावर इजा झाली तर भरपाई देणं मालकावर कायद्याने आहे, ती भीक नव्हे, आणि हजेरीबुकात नाव नसलं म्हणून माणूस कामगार नव्हता असं होत नाही. त्याला स्वतःला मिळाली होती. अर्ज दोन वर्षांच्या आत करावा लागतो, तेव्हा वेळ काढू नको, असंही त्याने बजावलं. आणि उरलेल्या एका बोटाने समोरच्या रस्त्याकडे दाखवून त्याने शमिका वकिलीणबाईंचा पत्ता दिला.

शमिकाबाई वयाने तिशीच्या, आवाजाने पन्नाशीच्या. त्यांनी भिकाजीचं दोन तास ऐकलं, त्यातलं कामाचं अर्ध्या पानात लिहून घेतलं आणि अर्ज ठोकला.

पहिल्या दोन तारखा वाईट गेल्या. गुरुप्रसादच्या वकिलांनी केसपेपर काढला आणि भर कोर्टात, चवीने, घोणशीसकट वाचून दाखवला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून भिकाजीकडे पाहिलं आणि विचारलं, तुमच्या घराला गडगा आहे का? भिकाजी म्हणाला, नाही साहेब, काट्याकुट्यांची वई आहे. मग घोणस कुठून आली? भिकाजी अगदी प्रामाणिकपणे म्हणाला की घोणस खरी आहे, पण ती त्याच्या आदल्या वर्षीची आणि खाणीवरची. कोर्ट हसलं. शमिकाबाईंनी कपाळाला हात लावला. गडगा नाही म्हटल्यावर खोटं उघडं पडलं हे खरं, पण जो माणूस एकदा एवढं रंगवून खोटं बोलतो त्याचं आताचं तरी खरं कशावरून, असं समोरच्या वकिलांनी विचारलं. 

साक्षीदार हवा होता. बरोबरचे गडी विजापूरकडचे, ते केव्हाच गावी गेलेले. गावातले जे होते ते गुरुप्रसादच्याच खाणीवर कामाला, ते खाली मान घालून निघून जायचे. भिकाजीने त्यांना दोष दिला नाही, आपणही तसंच केलं असतं असं म्हणाला. शमिकाबाईंच्या ऑफिसात तिघं बसली होती आणि कुणालाच काही सुचत नव्हतं. तेव्हा चिमा सहज बोलून गेली, की काय झालं ते वाघजाईला ठाऊक आहे.

शमिकाबाई दमल्या होत्या. देवीला समन्स काढता येत नाही, म्हणाल्या.

चिमाने पदर सारखा केला आणि सांगितलं, तसं नव्हे. अपघातानंतर दोन महिन्यांनी शिमगा आला. पालखी आमच्या अंगणात आली. ह्यांना उठता येत नव्हतं, दारात खुर्ची टाकून बसवलं होतं. आप्पांनी देवीला ह्यांच्यासाठी गाऱ्हाणं घातलं, तेव्हा सगळं आप्पाच बोलले. ऐकलं कुणी, असं विचारल्यावर ती म्हणाली, अख्ख्या वाडीने. आणि मग तिने पिशवीतून मोबाईल काढला. तिच्या बहिणीला त्या साली विरारहून यायला मिळालं नव्हतं, तिला बघायला म्हणून तिने शूटिंग केलं होतं.

व्हिडिओ पावणेतीन मिनिटांचा होता. ढोल थांबतो, आप्पा पागोटं सारखं करतात, हात जोडतात.

"बा वाघजाय माये, तुजी पालखी आज भिकाजीच्या अंगणात आली हाय. ह्यो तुजा लेकरू माज्या खाणीवर एकोनीस वर्सां राबला. राबता राबता चिऱ्यांखाली गावला नि पाय घालवून बसला. त्याला उभा कर. त्याच्या घरात काय कमी पडू देव नको. नि आमच्या हातून काय चुकला-माकला आसंल ता पोटात घाल गो माये."

"व्हय म्हाराजा," असं चाळीस-पन्नास गळे एकदम म्हणतात, आणि ढोल पुन्हा सुरू होतो.

शमिकाबाई खुर्चीतून उठल्याच. त्यांनी तो तीनदा लावला. चौथ्यांदा लावायला गेल्या तर भिकाजीने मोबाईल हातातून काढून घेतला आणि बंद केला. हे कोर्टात दाखवायचं नाही, म्हणाला.

त्या दोघींनी त्याला परोपरीने सांगितलं. तो ऐकेना. गाऱ्हाणं हे दारात, देवीशी, माणसाच्या भल्यासाठी घातलेलं. आप्पा आपल्यासाठी बोलले, तेच धरून आप्पांना पिंजऱ्यात उभं करायचं? गिरण नको, पाय नको, पण हे नको. घरी येऊन तो तीन दिवस कुणाशी बोलला नाही. वाडीत लोक घाबरले. शेजारची म्हातारी दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेऊन आली.

चौथ्या दिवशी चिमाने त्याला एवढंच विचारलं, "आप्पांनी देवीला काय सांगितलानी? ह्याच्या घरात काय कमी पडू देव नको. मग ता खोटा पाडायचा की खरा करायचा, ता तुमी ठरवा." आणि ती टोपली घेऊन बाजाराला गेली.

भिकाजी कुबड्या घेऊन निघाला तो थेट आप्पांच्या ओटीवर. आप्पा एकटेच होते, ऑपरेशननंतर खंगलेले. भिकाजीने नेहमीसारखी प्रस्तावना केली नाही. पुढच्या तारखेला तुमचं गाऱ्हाणं कोर्टात लावणार आहे, मागून तुमच्या कानावर जायला नको म्हणून आधी सांगायला आलो, म्हणाला.  आप्पांनी चहा घेणार का म्हणून विचारलं. दोघांनी चहा घेतला, पावसापाण्याचं बोलले, आणि भिकाजी परत आला. त्या ओटीवरून परतताना आपल्याला फार हलकं वाटलं, असं तो सांगतो.

तारखेला आप्पा स्वतः साक्षीला उभे राहिले, कारण खाणीचा परवाना त्यांच्याच नावावर होता. भिकाजी आमचा कामगार नव्हता, अशा कागदावर त्यांची सही होती. गुरुप्रसाद मागच्या बाकावर, इस्त्रीच्या शर्टात. शमिकाबाईंनी मोबाईलच्या पुराव्याला लागणारे कागद रीतसर दिले होते. समोरच्या वकिलांनी हरकत घेतली, न्यायाधीशांनी ती लिहून घेतली आणि व्हिडिओ लावायला सांगितला. त्या कोंदट खोलीत ढोल वाजला आणि दाराशी उभ्या असलेल्या शिपायाने नकळत हात जोडले.

समोरचे वकील हुशार होते. त्यांनी आप्पांना वाट काढून दिली. आप्पा, गाऱ्हाण्यात माणूस रिवाजाप्रमाणे बरंच काही बोलून जातो, त्यातला शब्दन्‌शब्द खरा असतोच असं नाही, बरोबर ना? नुसतं हो म्हणायचं होतं. कायद्याने कदाचित तेवढं पुरलं असतं.

भिकाजीला त्या क्षणी भरपाई आठवली नाही.  आप्पा हो म्हणाले तर मग आपल्या दारात त्या दिवशी देवी आली होती ती कशाला, एवढंच त्याच्या मनात होतं.

आप्पांनी दोन्ही हातांनी कठडा धरला.

"साहेब, कागदावर सही केली ती खोटी हाय. देवीफुडं बोललो ता खरा. भिकाजी माज्या खाणीवर होता, थयच त्याचा पाय गेला. नि दवाखान्यात ता जा खोटा बोलला ना, ता मीच सांगितला होता त्याला. माज्यासाठी बोलला तो."

 मग आप्पांनी पुढे, जरा हळू, घोणशीचं मात्र आपण सांगितलं नव्हतं, असंही स्पष्ट केलं. न्यायाधीशांनी तोंडावर रुमाल धरला. भिकाजी रडत होता आणि हसत होता, आणि त्यातलं काय आधी सुरू झालं हे त्याला आजही सांगता येत नाही. तीन वर्षं त्याच्या डोक्यावर बसलेलं ते खोटं कुणीतरी अलगद उचलून नेलं होतं.

निकाल चार महिन्यांनी लागला, भिकाजीच्या बाजूने, व्याजासकट. पाय आला, गिरण आली, आणि तिथे दळणाला आता उशीर होतो अशी बायकांची तक्रारही आली. पण भिकाजीला विचाराल तर तो निकालाच्या दिवसाबद्दल दोन वाक्यं सांगतो, आणि साक्षीच्या दिवशीच्या परतीच्या एसटीबद्दल पाऊण तास.

झालं असं की गुरुप्रसाद रागाने लाल होऊन गाडी घेऊन एकटाच निघून गेला. वडील कोर्टाच्या पायरीवर बसून राहिले. भिकाजी आणि चिमा बाहेर आली तर हे म्हातारं पागोटं मांडीवर घेऊन बसलेलं. चिमाने त्यांना बाटलीतलं पाणी दिलं, दंडाला धरून उठवलं आणि रिक्षात घातलं. तिघं देवरूखच्या गाडीत चढली. आप्पा वीसेक वर्षांत एसटीत बसले नव्हते, खिडकीची जागा दिल्यावर लहान मुलासारखे बाहेर बघायला लागले.  भिकाजीला काय बोलावं ते सुचेना, आणि असं त्याच्या आयुष्यात क्वचितच झालं होतं.

हातखंब्याच्या अलीकडे कंडक्टरबाई आल्या. भिकाजीने अपंगांच्या सवलतीचं कार्ड दाखवलं. चिमाला बायकांचं अर्धं तिकीट. आप्पांनी पाचशेची नोट पुढे केली. चिमा म्हणाली, नोट ठेवा, पंच्याहत्तरीच्या पुढे फुकट असतं, तुमचं वय किती? अठ्ठ्याहत्तर, आप्पा म्हणाले. कंडक्टरबाईंनी आधारकार्ड मागितलं. ते गुरुप्रसादच्या गाडीत, बॅगेत राहिलं होतं. कार्ड नाही तर सवलत नाही, बाई म्हणाल्या, रोज सत्तरच्या आतली माणसं पंच्याहत्तर सांगतात, कुणाकुणावर विश्वास ठेवायचा?

आप्पांनी मान खाली घातली आणि पुन्हा नोट पुढे केली. भिकाजीने ती त्यांच्या मुठीत परत दाबली.

"बाय, अठ्ठ्याहत्तर लिवा," तो म्हणाला. "ह्यो माणूस खोटा बोलत नाय."

आप्पांनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. भिकाजीचा चेहरा गंभीर होता, फक्त मिशीखाली काहीतरी हलत होतं. मग आप्पांना हसू फुटलं, असं की खांदे गदगदायला लागले, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि चिमाला त्यांची पाठ चोळावी लागली. आजूबाजूची माणसं वळून बघत होती. कंडक्टरबाईंनी त्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, काय समजल्या कुणास ठाऊक, पण मशीनचं बटण दाबून त्यांनी शून्य रुपयांचं तिकीट फाडलं आणि आप्पांच्या हातात दिलं. आप्पांनी ते नीट घडी करून वरच्या खिशात ठेवलं आणि भिकाजीला सरकून जवळ बसायला जागा करून दिली.